पहिली वीस मिनिटं गावाची

फेब्रुवारी सरत आला की आमच्या भागातल्या पेपरांच्या जिल्हा पानावर त्याच त्या बातम्या दिसायला लागतात. गोठ्याला आग, दोन बैल होरपळले. घरात भरून ठेवलेला कापूस जळाला. लोंबकळत्या तारा एकमेकींना लागून ठिणगी पडली, संत्र्याची बाग आणि ठिबकच्या नळ्या गेल्या. त्याआधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, सोयाबीनच्या गंज्या आणि पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या बाजूला धानाचे पुंजणे पेटल्याच्या बातम्या येऊन गेलेल्या असतात. बातमी कुठलीही असो, शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: अग्निशमन दलाचा बंब पोचेपर्यंत सर्व जळून खाक झाले होते.

वाक्य खोटं नसतं. पण त्यातून वाचणाऱ्याच्या मनात एवढंच राहतं, की बंबवाले उशिरा आले. गावातही तसंच बोललं जातं. कधी गाडीवर दगड येतात, कधी ड्रायव्हरची कॉलर धरली जाते. ज्याची बैलजोडी डोळ्यांदेखत गेली त्याचा संताप कोणालाही समजेल. फक्त तो चुकीच्या माणसावर निघतो. विदर्भातल्या बहुसंख्य खेड्यांत बंब वेळेवर पोचूच शकणार नाही अशीच आपली व्यवस्था आहे, आणि बंब येईपर्यंतच्या वेळात गावाच्या हातात काहीही नसावं अशीही. माझं म्हणणं या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. पहिली वीस मिनिटं गावाचीच असतात. ती गावाला रीतसर द्यायला हवीत: शिकवून, साधन देऊन, जबाबदारी आणि संरक्षण देऊन. आणि तालुक्याच्या अग्निशमन दलाचं गावांशी बाराही महिने नातं असायला हवं, आगीच्या दिवशीपुरतं नको.

आधी हिशेब करू. केंद्रीय गृहखात्याच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा निकष आहे, की खबर मिळाल्यावर शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत पहिली गाडी पोचावी. पाण्याने भरलेला बंब वीस मिनिटांत किती लांब जाईल? डांबरी रस्ता आहे, वाटेत दोन-तीन गावं आणि त्यांचे गतिरोधक आहेत, आठवडी बाजाराचा दिवस नाही, असं धरलं तरी ताशी चाळीसचा वेग मिळाला तर भरपूर झाला. म्हणजे साधारण तेरा किलोमीटर. रस्ता वळणावळणाचा असतो, म्हणून सरळ रेषेत दहा धरा. दहा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात ३१४ चौरस किलोमीटर भाग येतो. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. भागाकार पंचेचाळीसच्या वर जातो, आणि तालुके आहेत बारा. कोणी म्हणेल, गडचिरोलीत जंगल जास्त, वस्ती विरळ. मग यवतमाळ घ्या. साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, तालुके सोळा. प्रत्येक तालुक्याच्या गावी नवी कोरी गाडी, पुरेशी माणसं आणि भरलेली टाकी असली, तरीही निम्म्याहून जास्त मुलूख वर्तुळाच्या बाहेरच राहतो. त्यातही सगळ्यात बाहेर राहतात ते कोलामांचे पोड, बंजाऱ्यांचे तांडे, पारध्यांचे बेडे आणि मुख्य गावापासून फुटून वसलेले टोले, जिथे घरं कुडाची आणि छपरं गवताची असतात.

म्हणजे नुसत्या गाड्या वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. गाड्या वाढायला हव्यात, याबद्दल दुमत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. त्यातली आमच्या वाट्याची गाडी धारणीला, एटापल्लीला, झरी-जामणीला यावी असं मलाही वाटतं. पण ती आली तरी तिच्यापासून पंचवीस किलोमीटरवरच्या गावाची पहिली वीस मिनिटं तशीच कोरडी जाणार आहेत.

याचं मूळ कायद्याच्या रचनेत आहे. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांना कामं वाटून दिली. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत आणि त्यात ‘अग्निशमन सेवा’ हा विषय स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय आहेत. शेती आहे, सरपण आहे, चारा आहे, ग्रामीण घरबांधणी आहे, विजेची वाटणीही आहे. आग नाही. जळणाऱ्या जवळजवळ सगळ्या वस्तू पंचायतीकडे आणि त्या विझवणं नगरपालिकेकडे, अशी ही वाटणी झाली. राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमही मुख्यतः इमारतींचा विचार करतो: मालक, भोगवटादार, यंत्रणा बसवणारे परवानाधारक, सहा महिन्यांनी द्यायचं प्रमाणपत्र. नागपूर-अमरावतीच्या रुग्णालयांना आणि मॉलना तो लागतोच. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली, तेव्हा त्याची गरज किती आहे ते सगळ्यांना कळलं. पण कुटाराने, म्हणजे भुशाच्या चाऱ्याने भरलेला गोठा, छपरावर रचलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, आतल्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत असलेला वीस-पंचवीस क्विंटल कापूस या कायद्याला दिसत नाही.

२०१४ मध्ये राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं, आणि त्यामुळे अनेक लहान तालुक्यांच्या गावी पहिल्यांदा बंब आला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण बंब नगरपंचायतीचा, तिच्या हद्दीसाठी. हद्दीबाहेर गेला तर डिझेल कोणाच्या खात्यावर टाकायचं, तेवढ्या वेळात शहरात आग लागली तर जबाबदार कोण, हे प्रश्न मुख्याधिकाऱ्यापुढे खरेच असतात. काही ठिकाणी हद्दीबाहेरच्या फेरीचं शुल्क लावलं जातं. बहुतेक वेळा माणुसकीने गाडी निघते, हे नमूद केलं पाहिजे. पण माणुसकीवर चालणारी सेवा कोणाच्या तरी शब्दावर, ओळखीवर अवलंबून राहते, आणि ज्याची ओळख नाही त्याचं गाव मागे पडतं.

आता आग लागल्यावर प्रत्यक्षात काय होतं ते बघा. एप्रिलची दुपार, उन्हाचा पारा चव्वेचाळीसच्या वर. गावातली निम्मी माणसं वावरात किंवा लग्नाला गेलेली. गोठ्यातून धूर दिसतो तेव्हा आतलं कुटार पेटलेलंच असतं. पहिली धाव ढोरांकडे. गाठ सोडायला वेळ नसतो, दावं विळ्याने कापावं लागतं, आणि भेदरलेला बैल दार मोकळं असूनही बाहेर येत नाही, त्याला दोघांनी ओढावं लागतं. बाया विहिरीपासून, हापशीपासून गुंड आणि बादल्या घेऊन रांग लावतात. कोणीतरी ओरडतं, “पाणी नका टाकू, लाईन चालू हाय!” गोठ्यावरून घरात गेलेली वायर पेटलेली असते. डीपीवरून लाईन बंद करायला लाइनमन पाहिजे. त्याच्याकडे आठ-दहा गावं. त्याचा फोन लागतो किंवा लागत नाही. लाईन बंद झाली की विहिरीवरची मोटारही बंद होते, आणि शेतीच्या वाहिनीवर त्या वेळी थ्री-फेज नसलंच तर ती आधीपासूनच बंद असते. मग उरतात बादल्या.

याच वेळी दोन-तीन शहाणी माणसं सगळ्यात महत्त्वाचं काम करत असतात, आणि बातमीत त्याचा उल्लेख कधी येत नाही. ती शेजारच्या घराची टिनं उचकटत असतात. पेटलेल्या आणि न पेटलेल्या कुटारामध्ये फावड्याने मोकळी जागा पाडत असतात, वाऱ्याच्या दिशेची पऱ्हाटी ओढून लांब फेकत असतात. जळतं ते जळू द्यायचं आणि पुढचं वाचवायचं. हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, आधीच्या आगींनी शिकवलेलं असतं. एक गोठा जळून आग थांबली आणि अख्खी ओळ वाचली, तर ती यांच्यामुळे. बंब येतो तेव्हा याच लोकांच्या चेहऱ्यावर काजळी असते, आणि पंचनाम्यात त्यांच्या नावाला जागा नसते.

बंब आला तरी अडचणी संपत नाहीत. गावात शिरताना सर्व्हिस वायर इतक्या खाली आलेल्या असतात की एक माणूस वर चढून बांबूने त्या उचलत राहतो. आग वावरातल्या गंजीला असेल तर पांदण रस्त्यावर गाडी जाणार नाही, पावसाळ्यानंतर तर फसेलच. लहान गावाच्या बंबात साधारण साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं. दोन नळ्या सोडल्या तर ते काही मिनिटांत संपतं. मग भरायचं कुठून? गावात जलजीवनची नवी टाकी उभी असते, शेजारी विहीर असते, कोणाचं शेततळं असतं, पण बंबाच्या नळीला जोडता येईल असं तोंड कशालाच नसतं. गाडी पुन्हा तालुक्याला जाते. कापूस असेल तर आणखी वाईट. कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. ढीग उपसून, फोडून भिजवावा लागतो, नाहीतर रात्री पुन्हा भडकते.

कापसाचं निघालं म्हणून एक आठवण. दरवर्षी १४ ते २० एप्रिल या काळात देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशमन जवानांसाठी. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात स्फोटकांबरोबर कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या, आणि कापसातली आग स्फोटकांपर्यंत गेली. कापूस पिकवणाऱ्या आमच्या जिल्ह्यांमध्ये हा सप्ताह ऐन आगीच्या हंगामात येतो. पण तो कुठे साजरा होतो? शहरातल्या चौकात, कलेक्टर ऑफिससमोर, एखाद्या कॉलेजच्या मैदानावर. पत्र्याच्या डब्यात डिझेल पेटवून विझवून दाखवतात, फोटो निघतो. त्या आठवड्यात प्रत्येक बंब रोज एका गावात उभा राहिला पाहिजे. शाळेच्या मैदानात गाडी लावा, पोरांना नळी धरू द्या, बायांना सिलिंडरची आग ओल्या गोधडीने कशी दाबायची ते करून दाखवा, गावच्या चार तरुणांना घेऊन सगळ्या गल्ल्या फिरा. त्या एका दुपारीच ड्रायव्हरला कळेल, की गाडी मारुतीच्या देवळाच्या बाजूने शिरत नाही, बौद्ध विहाराच्या मागून शिरते. आणि गावाला कळेल, की त्या गाडीवरचा माणूस किती पगारावर, कोणत्या बुटांवर आगीत शिरतो.

या माणसांबद्दल थोडं सांगायलाच हवं. लहान नगरपालिका-नगरपंचायतींत बंबावरचे किती तरी जण कंत्राटी असतात. ड्रायव्हरच पंप चालवतो, तोच फोन घेतो. आगरोधक पोशाख अनेकांकडे नसतो, असला तर दोघांत एक. विहिरीत पडलेला माणूस त्यांनीच काढायचा, पुरात अडकलेल्यांना बोटीने आणायचं, झाड पडलं तर तोडायचं, उन्हाळ्यात वेळप्रसंगी टँकर म्हणूनही जायचं. आणि गावाची त्यांची भेट होते ती गावाच्या सगळ्यात वाईट दिवशीच. एरवी कधी न भेटलेल्या माणसावर त्या दिवशी विश्वास कसा बसणार? दगड मारणारा तरुण त्या ड्रायव्हरला नावाने ओळखत असता तर त्याने दगड उचलला नसता, असं मला मनापासून वाटतं.

आता फोनचा प्रश्न. आग लागल्यावर आमच्या खेड्यातला माणूस १०१ लावत नाही. तो सरपंचाला लावतो. सरपंच पोलीस पाटलाला किंवा पंचायत समितीच्या सदस्याला. सदस्य नगरसेवकाला, नगरसेवक बंबाच्या ड्रायव्हरला, त्याच्या खासगी मोबाइलवर. या साखळीत दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. लोक हे अडाणीपणाने करत नाहीत. १०१ ची घडण लँडलाइनच्या काळातली आहे. त्या गावच्या एक्सचेंजमधून केलेला फोन त्याच गावच्या अग्निशमन केंद्रात वाजायचा. मोबाइलवरून, तेही दोन तालुक्यांच्या सीमेवरच्या टॉवरखालून, तो कुठे वाजेल याची खात्री लोकांना वाटत नाही. २०२१ पासून राज्यात ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. तो फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो आणि पोलिसांची गाडी निघते. व्यवस्था चांगली आहे, भांडणाच्या, अपघाताच्या वेळी लोक ती वापरतात. पण विदर्भात सावंगी, खैरी, पिंपळखुटा, बोरगाव, वडगाव या नावांची गावं जिल्ह्याजिल्ह्यात सापडतात. घाबरलेला माणूस ‘सावंगीला आग लागली, लवकर या’ म्हणून फोन ठेवतो. कोणती सावंगी? टॉवरचं ठिकाण पाहिलं तर त्या टॉवरखाली पंधरा-वीस गावं.

म्हणून फोन करणं हेही शिकवावं लागेल, आणि फोन घेणाऱ्यालाही गावं शिकवावी लागतील. गावाचं नाव, तालुका, जवळचा फाटा. काय पेटलं: घर, गोठा, गंजी, जंगल. माणूस किंवा जनावर आत आहे का. सिलिंडर आहे का, लाईन बंद केली का. गाडी कोणत्या रस्त्याने आत येईल आणि फाट्यावर मोटारसायकल घेऊन कोण थांबेल. एवढं सांगायला एक मिनिट लागतं. ते अंगणवाडीच्या, रेशन दुकानाच्या, पानठेल्याच्या भिंतीवर लिहिलेलं असलं पाहिजे, वर बंबाच्या केंद्राचा सरकारी मोबाइल क्रमांक, त्याखाली लाइनमनचा आणि वनरक्षकाचा. क्रमांक खुर्चीचा हवा, माणसाचा नको, म्हणजे बदली झाली तरी तो वाजत राहील. आणि ११२ च्या केंद्रातून आगीची खबर त्याच क्षणी तालुक्याच्या बंबाला, महावितरणच्या उपकेंद्राला आणि गावातल्या ठरलेल्या दहा माणसांना एकदम गेली पाहिजे. पुणे, नाशिक, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ‘ग्रामसुरक्षा यंत्रणा’ चालते. एका क्रमांकावर बोललेला निरोप गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर कॉल म्हणून वाजतो. चोर, बिबट्या, आग, सगळ्यासाठी ती वापरतात. आमच्याकडच्या पोलीस अधीक्षकांनी आणि जिल्हा परिषदांनी ती गंभीरपणे हाती घ्यावी. ज्या गावात रेंज नाही, आणि मेळघाटात, भामरागडात अशी गावं आहेत, तिथे देवळाचा, विहाराचा, मशिदीचा भोंगा हेच साधन. तेही ठरवून ठेवावं लागतं, नाहीतर चावी ज्याच्याकडे तोच बाहेरगावी असतो.

साधनांबद्दल सरकारी डोकं लगेच टेंडरकडे धावतं. खरं तर निम्मी साधनं गावात आहेतच. प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या शेतकऱ्याकडे तुषार सिंचनाचे पाइप आहेत. फवारणीचे पाठीवरचे पंप घरोघरी आहेत, आणि कुटाराची आग विझवल्यावर धुमसणारे कोपरे भिजवायला ते उत्तम. वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात ट्रॅक्टरवर चालणारे पाचशे-सहाशे लिटरचे फवारणी यंत्र आहेत. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी गावंच्या गावं त्यांनीच फवारून काढली. विजेवर अवलंबून नसलेला, ट्रॅक्टरवर चालणारा पंप म्हणजे गावाचा बंबच. तो पांदणीतूनही जातो. कमी काय आहे? एक डिझेल पंप, शंभरेक मीटर नळी, जाड हातमोजे, लांब दांड्याचे आकडे, आणि बंबाला लागणारं ६३ मिलिमीटरचं जोड-तोंड. हे तोंड गावच्या जलकुंभाच्या खाली, व्हॉल्व्हजवळ एकदा बसवलं की बाहेरून आलेली कोणतीही अग्निशमन गाडी तिथे भरता येते, तालुक्याला परत जावं लागत नाही. एका टाकीला हे करायला येणारा खर्च एका सभामंडपाच्या फरशीपेक्षाही कमी असेल. वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून ग्रामपंचायत ते स्वतः करू शकते.

जंगलाच्या गावांचा अनुभव इथे मोलाचा आहे, कारण तिथे हे नातं आधीपासून आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात, आणि ती पुढे पसरते. जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळे पट्टे काढून आणि हंगामी वॉचर ठेवून खातं जेवढं करतं, त्यापेक्षा जास्त काम जिथे ग्रामसभेला जंगल आपलं वाटतं तिथे होतं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव सगळ्यांना माहीत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने हक्क मिळाल्यावर तेंदू तोडणंच बंद करायचं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि आगी लावाव्या लागतात. हातात येणारा पैसा सोडून दिला. उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश आज वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो, पण त्या जागी अर्ध्या तासात पोचणारा माणूस जवळच्या टोल्यातलाच असतो. हक्क, खबर आणि माणसं एकत्र आली की आग आटोक्यात राहते, हे पूर्व विदर्भाने दाखवलेलं आहे. गावठाणातल्या आगीला तेच का लागू करू नये?

बाहेरची उदाहरणंही आहेत. चिली देशात अख्खं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं आहे. जर्मनीत खेड्यापाड्यांतल्या आगी नोंदणी केलेले, प्रशिक्षित गावकरीच विझवतात. पण आपल्याला केरळ जास्त जवळचं. २०१८ च्या महापुरानंतर तिथल्या अग्निशमन खात्याने १२४ केंद्रांना प्रत्येकी पन्नास असे ६,२०० स्वयंसेवक जोडले. त्यातली नेमकी गोष्ट ही, की हे स्वयंसेवक केंद्राला जोडलेले आहेत. तेच केंद्र त्यांना शिकवतं, तेच बोलावतं. आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापनाची शिबिरं होतात, टी-शर्ट आणि प्रमाणपत्र मिळतं, आणि पुढे त्या मुलाला बोलावणारं कोणी नसतं. नागपुरात १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, देशभरातले अधिकारी तिथे शिकून जातात. त्या संस्थेने आमच्या कुटार, कापूस, तणस, कुडाच्या घरांसाठी दोन दिवसांचा मराठी अभ्यासक्रम तयार करून द्यावा, आणि तालुक्याच्या बंबावरच्या माणसांनीच तो गावात शिकवावा. शिकवणारा आणि आगीत सोबत उभा राहणारा एकच असला की नातं आपोआप तयार होतं.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि त्यातला एक फार खरा आहे. गावच्या पोरांवर जबाबदारी टाकली की सरकार हात झटकून मोकळं होईल. होऊ शकतं. ग्रामस्वच्छतेपासून तंटामुक्तीपर्यंत हे आपण पाहिलेलं आहे. पहिल्या वर्षी उत्साह, बक्षीस, फलक, आणि मग फलक गंजत पडतो. म्हणूनच गावातल्या या स्वयंसेवकांचं पथक हे शासनाच्या सेवेचा भाग म्हणून नोंदलेलं हवं, स्पर्धेतली योजना म्हणून नको. दुसरा आक्षेप गावातल्या दुफळीचा. सरपंच एका पार्टीचा, पथक त्याच्या पार्टीचं, मग दुसऱ्याच्या गोठ्याकडे कोण धावेल? माझा अनुभव असा, की आग लागली की पार्टी कोणी पाहत नाही. पण साधनांच्या खोलीची चावी कोणाकडे राहते तिथे पार्टी दिसते, आणि वस्ती दिसते. पंप पाटलाच्या वाड्यात ठेवला तर बेड्यावरच्या माणसाला तो मागायला संकोच होईल. म्हणून साधनं शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, दोन चाव्या, त्यातली एक गावाबाहेरच्या वस्तीत. आणि पथकात निम्म्या बाया हव्यातच. दुपारी गावात त्याच असतात, सिलिंडर आणि चूल त्यांच्याच हातात असते, बचत गटांमुळे त्यांच्यात निरोप पोचवण्याची सवयही आहे.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, कर्तव्य आहे. आज बैल सोडवताना भाजलेला शेजारी कोणत्याच कागदावर नसतो. केंद्राच्या आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत मृत्यूला चार लाख, ओढकामाच्या बैलाला ३२,००० रुपये, जळालेल्या झोपडीला ८,००० आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये ठरवले गेले. चांगली बैलजोडी लाखाच्या पुढे जाते. तीन हजारांत गोठ्याची टिनं येत नाहीत. म्हणजे आगीनंतरची मदत कुटुंबाला उभं करत नाही. सावकारापर्यंत जाणारा रस्ता अनेकदा अशाच दुपारपासून सुरू होतो, आणि विदर्भात तो रस्ता कुठे जातो ते वेगळं सांगायला नको. आग वेळेत रोखणं हाच इथे खरा आधार, आणि ती रोखणाऱ्याला विमा, उपचाराचा खर्च आणि कर्तव्यावर असल्याचा दर्जा देणं सरकारला परवडतं. हद्दीबाहेरच्या फेऱ्यांचं डिझेल आणि बंबावरच्या माणसांचा भत्ता जिल्हा नियोजन समितीने वेगळा काढावा, म्हणजे मुख्याधिकाऱ्याला प्रत्येक फोनवर विचार करावा लागणार नाही.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय घेऊन उपयोग नाही. तोवर निम्मे गोठे जळून गेलेले असतात. २६ जानेवारीच्या सभेत घ्यावा. पथकाची वीस नावं, त्यात दहा बाया आणि बाहेरच्या वस्तीतले किमान चार जण. जलकुंभाला जोड-तोंड बसवण्याचा ठराव. गल्लीत खाली आलेल्या तारांची यादी, महावितरणला लेखी, पोच घेऊन. कुटार आणि पऱ्हाटी घरापासून किती लांब रचायची याचा गावाने स्वतः घातलेला नियम. आणि तालुक्याच्या अग्निशमन केंद्राला निमंत्रण, की फेब्रुवारी संपायच्या आत गाडी घेऊन एकदा या, चहा आमच्याकडे घ्या, गाव बघून जा.